टाय सैल केलेला जपान

पिंपरी-चिंचवडच्या माणसाला जपान ठाऊक नाही, असं म्हणायची सोय नाही. पासपोर्टवर एकही शिक्का नसला तरी जपान त्याच्या रोजच्या पाळीत असतो. भोसरीतल्या पंधरा-वीस माणसांच्या वर्कशॉपमध्येही भिंतीवर फाइव्ह एसचा तक्ता असतो आणि त्यावर सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके हे पाच शब्द देवनागरीत रंगवलेले असतात. आयटीआय करून लाइनवर लागलेला मुलगा शेजारच्याला ‘या महिन्याचं काइझेन दिलंस का?’ असं विचारतो, तेव्हा आपण जपानी बोलतोय हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं. हे सगळं आलं ते गाड्यांच्या मागोमाग. १९८० च्या दशकात आकुर्डीच्या बजाज ऑटोनं कावासाकीशी तांत्रिक करार केला आणि ‘कावासाकी-बजाज’ ही जोडगोळी गावोगावच्या मोटरसायकलींवर झळकली. पुढे चाकण आणि तळेगाव वाढत गेलं. ब्रिजस्टोनचा टायरचा कारखाना २०१३ मध्ये चाकणला सुरू झाला. सुट्या भागांच्या कंपन्या आल्या, त्यांच्याबरोबर दोन-चार वर्षांसाठी राहायला येणारे जपानी साहेब आले आणि त्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवणारे आमच्यासारखे इंटरप्रिटरही आले.

मात्र आपल्याला भेटलेला हा जपान कायम इस्त्रीच्या कपड्यातला आहे. मायक्रॉनमध्ये मोजणारा, बैठकीला पाच मिनिटं आधी येऊन बसणारा, हसला तरी आवाज न करणारा. माणूस चुकणारच हे धरून जिग-फिक्श्चरच असं करायचं की भाग उलटा बसूच नये, ही त्याची पोका-योकेची शिकवण. आणि या पुस्तकात ज्या बँडच्या गाण्यांची ओळख करून द्यायची आहे, त्याचा गायक पंचेचाळीसहून अधिक वर्षं मुद्दाम वाकडे उच्चार करत गातो आहे. मायक्रॉन मोजणाऱ्या त्याच माणसांनी त्याला डोक्यावर घेतलं आहे. बँडचं नाव सदर्न ऑल स्टार्स. जपानात त्याला नुसतं ‘साझान’ म्हणतात, घरातल्या माणसाला हाक मारावी तसं.

टोकियोच्या आओयामा गाकुइन विद्यापीठातल्या मुलांचा हा बँड. गाणी लिहिणारा, चाली बांधणारा आणि गाणारा कुवाता केइसुके, की-बोर्डवर हारा युको, बेसवर सेकिगुची काझुयुकी, ड्रम्सवर मात्सुदा हिरोशी, तालवाद्यांवर नोझावा हिदेयुकी आणि गिटारवर ओमोरी ताकाशी. ओमोरी २००१ मध्ये बाहेर पडले, बाकीचे पाच जण आजही तेच आहेत. कुवाता आणि हारा यांचं १९८२ मध्ये लग्न झालं, म्हणजे बँडमधला एक संसार तर अक्षरशः संसार आहे. पहिली तबकडी २५ जून १९७८ ला आली. पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका व्हायला तेव्हा अजून चार वर्षं होती.

त्या गाण्याचं नाव ‘कात्ते नी सिंदबाद’. नावापासूनच खोडी. आदल्याच वर्षी गाजलेल्या दोन गाण्यांची नावं, एक सावादा केंजीच्या गाण्याचं आणि एक पिंक लेडी या दोन मुलींच्या जोडीच्या गाण्याचं, अर्धी-अर्धी तोडून त्यांनी एकमेकांना चिकटवली. सिंदबादचा गाण्याशी काही संबंध नाही. खाली सांबाचा ताल, वर कुवाताची घाई. जपानी भाषा अक्षरं सारख्या लांबीनं, एकेक वेगळं उच्चारते, आणि जुनी जपानी गाणीही एका सुरावर एक अक्षर अशा शिस्तीत चालायची. कुवाता एका सुरात दोन-तीन अक्षरं कोंबतो, काही गिळतो, काहींना इंग्रजी रॉकचा हेल देतो. टीव्हीवर जॉगिंगच्या चड्डीत उड्या मारत गाणारी ही पोरं पाहून अनेकांनी त्यांना विनोदी बँडच समजलं.

त्याची गाणं रचायची पद्धत त्यानं अनेकदा सांगितली आहे. आधी चाल येते. त्या चालीवर तो इंग्रजीसारखं वाटणारं काहीबाही, अर्थ नसलेलं बरळत जातो. तोंडाला कुठला आवाज कुठे गोड लागतो ते कळलं की मग त्या आवाजांच्या जागी बसतील असे जपानी शब्द शोधतो. म्हणजे ऐकणाऱ्याला जो आळसावलेला, जीभ जड झालेला गायक वाटतो, त्यानं प्रत्येक अक्षर कानावर घासून बसवलेलं असतं. १९८४ मध्ये त्यानं आपल्या गीतांबद्दलचं एक पुस्तक काढलं. ‘ही काय, नुसती गाण्यातली शब्दरचना तर आहे’ अशा अर्थाची तुच्छता त्यानं शीर्षकातच स्वतःच्या कामावर उधळली. आपल्याकडे कवीनं असं केलं असतं तर प्रकाशकानंच हात जोडले असते.

विनोदी बँडचा शिक्का पुसला तो तिसऱ्या गाण्यानं. १९७९ च्या मार्चमध्ये ‘इतोशी नो एली’ आलं. संथ, विनवणीचं, नात्यात आपली चूक झाली आहे हे माहीत असलेल्या माणसाचं गाणं. ही एली कोण, यावर चाहते अजून वाद घालतात आणि तो वाद मिटू नये अशीच त्यांची इच्छा दिसते. दहा वर्षांनी रे चार्ल्स यांनी ते इंग्रजीत गायलं, सनटोरी व्हिस्कीच्या जाहिरातीसाठी. अमेरिकी सोल संगीत ऐकून वाढलेल्या जपानी मुलानं रचलेलं गाणं त्या संगीताच्या बापमाणसानं गावं, एवढा हा उलटा प्रवास. पण माझ्या मते त्या गाण्याला घरोघर नेलं ते १९८३ च्या एका टीव्ही मालिकेनं. यामादा ताइची यांनी लिहिलेली ‘फुझोरोई नो रिंगोताची’, म्हणजे एकसारखी न निघालेली सफरचंदं. कुणी फारसं न विचारणाऱ्या कॉलेजातल्या, आपण दुय्यम आहोत हे रोज जाणवणाऱ्या मुलामुलींची ती गोष्ट. तिचं शीर्षकगीत ‘इतोशी नो एली’ होतं. ज्या देशानं आपल्याला एकसारखेपणाचं वेड लावलं, त्याच देशात रिजेक्शनच्या लाल खोक्यातल्या सफरचंदांसाठीही गाणं होतं, ही बाब मला चाकणमध्ये काम करताना फार उशिरा उमगली.

आता हिशेब करून बघा. २०१० च्या आसपास चाकणला आलेला पन्नाशीचा प्लांट हेड १९७८ मध्ये अठरा वर्षांचा होता. ‘एली’ आलं तेव्हा तो कॉलेजात असेल, मालिका लागली तेव्हा नुकता नोकरीला लागला असेल. ‘साझान’ ऐकत ही माणसं मोठी झाली, मग त्यांनी गणवेश चढवले आणि जगभर कारखाने उभारायला बाहेर पडली. निरोपाच्या एका जेवणाला मी अशाच एका क्वालिटीच्या साहेबांना गाताना ऐकलं. ऑडिटच्या बैठकीत ते पूर्ण तासाभरात तीन वाक्यं बोलायचे आणि त्यातली दोन प्रश्नार्थक असायची. त्या रात्री माइक हातात आल्यावर त्यांनी टाय सैल केला, डोळे मिटले आणि ‘एली’ म्हटलं, शब्द ओढत, गिळत, थेट कुवाताच्या थाटात. टेबलावर डाय मेंटेनन्सची पोरं होती, त्यांना एक शब्द कळत नव्हता. तरी कुणी मोबाइलकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी लाइनवर एका ऑपरेटरनं मला विचारलं, ‘मॅडम, साहेबांचं कुणी गेलंय का?’

हे पुस्तक लिहावं असं वाटलं ते अशा प्रश्नांमुळे.

मराठी माणसाच्या मनातला जपान आजवर कुठून आला ते पाहिलं तर मजेशीर चित्र दिसतं. पु. ल. देशपांड्यांचं ‘पूर्वरंग’ वाचून एक पिढी मनानं जपान हिंडून आली. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला. पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या कोराकुएन बागेवर बेतलेलं उद्यान झालं आणि त्याला पु. लं.चंच नाव दिलं. त्याआधी १९६६ च्या ‘लव्ह इन टोकियो’नं किमोनो आणि सायोनारा घरोघर पोचवले होते. म्हणजे एकीकडे नाजूक, कमी बोलणारा, पाण्यावरच्या पुलावर उभा असलेला जपान आणि दुसरीकडे कारखान्यातला काटेकोर जपान. घाम आलेला, दारू थोडी जास्त झालेला, समुद्रकिनारी परक्या मुलीकडे बघून जीभ चावणारा जपान या दोन्हीत नाही. ‘साझान’मध्ये तोच आहे. त्यांची काही गाणी सरळ चावट आहेत. ती मी वगळलेली नाहीत, फक्त त्यांच्यावर फार लिहिलेलं नाही. आपल्याकडे लावणीचा शृंगार कुठे सूचक राहतो आणि कुठे नुसता आचरट होतो हे ऐकणाऱ्याला कळतं. तो कान इथे उपयोगी पडेल.

भाषा शिकणाऱ्यांना तर या गाण्यांचा उपयोग आहेच. पुणे हे भारतातलं जपानी शिकण्याचं मोठं केंद्र. रानडे इन्स्टिट्यूट असो, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ असो की निगडी-प्राधिकरणातल्या एखाद्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावरचा क्लास असो, डिसेंबरच्या पहिल्या रविवारची जपानी भाषेची परीक्षा जवळ आली की वातावरण दहावीचं होतं. ‘मिन्ना नो निहोंगो’ हे आमचं सगळ्यांचं पाठ्यपुस्तक. त्यातला मिलर-सान इतका सभ्य आहे की त्याला कधी राग आलेला मी पाहिला नाही. (साझानचं १९८८ चं एक गाणं ‘मिन्ना नो उता’ नावाचं आहे. क्लासमधली मुलं ते पाठ्यपुस्तकाचं गाणं समजतात आणि निराश होतात.) पुस्तकातली भाषा परक्याशी बोलायची, आदराची. गाण्यातली भाषा जवळच्याशी बोलायची. डिसेंबरच्या परीक्षेची एन-३ पातळी पास झालेला मुलगा जपानी साहेबाचा ईमेल बिनचूक वाचतो, पण तोच साहेब बायकोशी फोनवर बोलायला लागला की त्याला एक वाक्य लागत नाही. कुवाता तेच वाक्य शिकवतो. उच्चार मात्र त्याच्याकडून शिकू नका. तोंडी परीक्षेत अडचण होईल.

उच्चारासाठी आणि सोप्या शब्दांसाठी मी क्लासात नेहमी स्पिट्झ हा दुसरा बँड सुचवते. तोही जुनाच, १९८७ पासूनचा, चौघे तेच. ‘रॉबिन्सन’ आणि ‘चेरी’ ही त्यांची १९९५-९६ ची गाणी आजची शाळकरी मुलंही गातात. स्वच्छ आवाज, स्वच्छ शब्द. खरं सांगायचं तर माझ्या बऱ्याच विद्यार्थ्यांना स्पिट्झच अधिक आवडतो. मला साझान आवडतात. पुस्तक माझं असल्यामुळे निवड माझी.

मराठी कानाला जपानी चाली परक्या का वाटत नाहीत, याचं एक कारण सुरांतच आहे. जपानी लोकप्रिय संगीतात गेल्या शतकापासून एक पाच सुरांची सप्तकरचना फार चालते. चौथा आणि सातवा सूर गाळलेली, म्हणजे सा, रे, ग, प, ध. आपण त्याला भूप म्हणतो. साकामोतो क्यू यांचं १९६१ चं ‘उए ओ मुइते आरुको’ हे गाणं १९६३ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि त्याचा मुखडा याच सुरांभोवती फिरतो. पेटीवर हात असलेल्या कुणालाही तो दोन मिनिटांत सापडतो. कुवाता मात्र या अंगणात फार रमत नाही. त्याच्याकडे लॅटिन ताल आहेत, ब्लूजचे मुद्दाम उतरवलेले सूर आहेत, बीटल्स आहेत, लिटल फीट हा अमेरिकी बँड आहे. पण गाणं कितीही दूर भटकलं तरी धृपदाला एक सोपी, गुणगुणता येणारी, जरा जुन्या वळणाची ओळ येतेच. आधुनिक साज आणि घरगुती सूर यांची ही बेरीज त्याच्या आईवडिलांच्या पिढीलाही चालली, आणि तिथेच बँडचं आयुष्य वाढलं असं मला वाटतं. तरुणांचा बँड तरुणांबरोबर म्हातारा होतो. घरातल्या तिघांना तीन कारणांनी आवडलेला बँड टिकतो.

गाणी टिकतात याचं या पट्ट्यातल्या माणसाला तसं नवल वाटायचं कारण नाही. देहू एका अंगाला, आळंदी दुसऱ्या अंगाला. तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामी येते तेव्हा चारशे वर्षांपूर्वीचे शब्द मुंबई-पुणे रस्त्यावर ट्रॅफिक अडवून गायले जातात. पण तिथे गाणारे बदलत जातात. इथे गंमत वेगळी आहे. ज्यानं लिहिलं, ज्यानं चाल लावली, तोच माणूस सत्तरीकडे झुकूनही ते गातो आहे, आणि समोर बसलेली माणसं त्याच्याबरोबर वयानं वाढलेली आहेत. मराठीत हे क्वचित घडतं, कारण आपली गाण्याची घडणच निराळी. गीतकार एक, संगीतकार दुसरा, गायक तिसरा. १९५५ च्या गीतरामायणाचं नाव घेताना आपण गदिमा आणि बाबूजी अशी दोन नावं घेतोच. बँड ही वस्तू आपल्याकडे लग्नाच्या वरातीपुढे चालते. जवळचं उदाहरण शोधायचं तर २००३ पासून चालत आलेलं संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचं ‘आयुष्यावर बोलू काही’. तेच दोघं, त्यांचेच शब्द, त्यांच्याच चाली, आणि कॉलेजात असताना आलेले श्रोते आता मुलांना घेऊन येतात. चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात अशा कार्यक्रमाला बसलेल्यांनी तो सभागृहातला प्रकार आठवावा आणि त्याला फुटबॉलच्या मैदानाएवढा करावा. साझानच्या मैफलीत साधारण तसं होतं.

त्यांचं गाव चिगासाकी. खरं म्हणजे कुवाताचं गाव. टोकियोहून रेल्वेनं तासाभरावर, सागामी उपसागराच्या काठचं मध्यम शहर. पहिल्याच गाण्यात कुवातानं त्याचं नाव घेतलं, शेजारच्या एनोशिमाचंही घेतलं. पुढे १९८२ च्या ‘चाको नो काइगान मोनोगातारी’मध्ये किनाऱ्यासमोरचा एबोशी नावाचा खडक आला. आधी गावाचं नाव गाण्यात गेलं, मग गाण्याचं नाव गावात आलं. १९९९ मध्ये तिथल्या किनाऱ्याला अधिकृतपणे ‘सदर्न बीच’ असं नाव दिलं गेलं. कुवाता तरुणपणी ज्या हॉटेलात काम करायचा ते पाडलं गेलं, आणि २००० मध्ये त्या हॉटेलच्या नावाचं ‘हॉटेल पॅसिफिक’ हे गाणं आलं. त्याच वर्षी बँडनं गावच्या बेसबॉल मैदानावर कार्यक्रम केला, नंतर २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये. २०१४ पासून चिगासाकी स्टेशनवर गाडी सुटताना वाजणारी धून साझानच्या ‘किबो नो वादाची’ची आहे. रोज कामावर जाणारा माणूस ती ऐकूनच डब्यात चढतो.

एका गाण्याचं रोजच्या जगण्यात एवढं मुरणं हे टिकण्याचं खरं गमक आहे असं मी मानते. विक्रीचे आकडे नंतर येतात. जपानमध्ये उन्हाळा म्हणजे जुलै-ऑगस्ट, शाळांना सुट्टी, आतषबाजी, समुद्र, आणि रेडिओवर साझान. दरवर्षी तेच. १९९० चं ‘मानात्सु नो काजित्सु’ लागलं की ऊन वाढल्याची खूण पटते. आपल्याकडे त्या दिवसांत श्रावण असतो, चाकण-शिक्रापूर रस्त्यावर खड्ड्यांत पाणी असतं, आणि कंपनीच्या बसमध्ये हेडफोन लावून कुणी उन्हाळ्याचं गाणं ऐकत असलं तर त्याला बाहेरच्या दृश्याशी झगडावं लागतं. पहिल्यांदा ऐकताना मीही गोंधळले होते. ऋतूच जुळत नव्हता.

आता ‘त्सुनामी’बद्दल, कारण ते टाळून या बँडची ओळख पुरी होणार नाही. हे गाणं २००० च्या जानेवारीत आलं, त्याच्या सुमारे २९ लाख प्रती खपल्या आणि वर्षाचा जपान रेकॉर्ड पुरस्कारही त्याला मिळाला. आपल्याला हा शब्द २००४ च्या डिसेंबरात, तामिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या बातम्यांतून कळला. गाण्यात लाट नाही. कुणाच्या नजरेसमोर उभं राहिल्यावर मनाची जी अवस्था होते तिला दिलेलं ते नाव आहे. मग ११ मार्च २०११ ला ईशान्य जपानचा किनारा वाहून गेला. त्यानंतर हे गाणं रेडिओवरून जवळपास नाहीसं झालं, आणि कुवातानंही ते मंचावर गाणं थांबवलं. सर्वांत जास्त खपलेलं आपलं गाणं असं मिटून ठेवायचं, ही सोपी गोष्ट नव्हे. सप्टेंबर २०११ मध्ये त्यानं मियागी प्रांतात ज्या मोठ्या सभागृहात कार्यक्रम केला, तिथे भूकंपानंतर तात्पुरतं शवागार होतं. तो स्वतः आदल्याच वर्षी अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतून उठला होता. ओनागावा या उद्ध्वस्त झालेल्या गावात आपत्तीनंतर एक छोटं एफएम केंद्र सुरू झालं होतं. २०१६ च्या मार्चमध्ये ते बंद झालं तेव्हा शेवटचं गाणं म्हणून त्यांनी ‘त्सुनामी’ लावलं. कुणी ऐकवायचं आणि कधी, हे ज्यांचं गेलं होतं त्यांनी ठरवलं. या गाण्यावर पुस्तकात सर्वांत लांब टिपण आहे, आणि त्यात चालीबद्दल कमी आहे.

बँड सलग चालला असंही नाही. हारा युको बाळंतपणासाठी थांबल्या तेव्हा ऐंशीच्या दशकात मधली काही वर्षं काम बंद होतं. २००८ मध्ये तीस वर्षं पूर्ण करून त्यांनी योकोहामाच्या मैदानावर भर पावसाळी ऑगस्टात निरोप घेतला, बेमुदत. पाच वर्षांनी परत आले ते ‘पीस तो हायलाइट’ घेऊन, ज्यात शेजारी देशांशी असलेल्या कटुतेवर टिप्पणी होती आणि त्यावरून टीकाही झाली. २०१८ च्या शेवटच्या रात्री एनएचके वाहिनीच्या वर्षअखेरीच्या कार्यक्रमात त्यांनी पुन्हा ‘कात्ते नी सिंदबाद’ म्हटलं. सम्राट अकिहितोंच्या काळातला तो शेवटचा असा कार्यक्रम होता. मात्सुतोया युमी यांच्यासारखी त्यांच्याच पिढीची दिग्गज गायिका मंचावर नाचायला आली आणि देशाच्या सर्वांत औपचारिक रात्रीचा फज्जा उडाला. चाळीस वर्षांपूर्वीचं खोडकर गाणं अजून खोड्या काढू शकत होतं. २०२५ मध्ये दहा वर्षांनी नवा अल्बम आला. त्यातली सगळी गाणी मला आवडली असं नाही. सत्तरीच्या उंबरठ्यावरचा माणूस काही ठिकाणी स्वतःचीच नक्कल करतो. आवाज मात्र अजून तसाच ओलसर, घोगरा आहे.

ही गाणी ऐकायची कशी, हा प्रश्न पूर्वी अवघड होता. जपानहून परत येणाऱ्या कुणाकडून सीडी मागवायची, आणि ती क्लासमध्ये हातोहात फिरून ओरखड्यांसह परत मिळायची. डिसेंबर २०१९ मध्ये बँडनं आणि कुवातानं आपली साडेनऊशेहून अधिक गाणी एकदम स्ट्रीमिंगवर खुली केली. सहा महिन्यांनी, कोरोनाच्या काळात, २५ जून २०२० ला त्यांनी योकोहामा अरेनातून प्रेक्षकांविना कार्यक्रम केला आणि तो इंटरनेटवरून पाहायला सुमारे १ लाख ८० हजार लोकांनी तिकिटं काढली. रिकाम्या खुर्च्यांपुढे गाणारा कुवाता खुर्च्यांशी थट्टा करत होता.

पुस्तकात गाण्यांचे शब्द छापलेले नाहीत, कारण ते त्यांच्या हक्कदारांचे आहेत आणि परवानगीचा खर्च या पुस्तकाच्या किमतीला झेपणारा नव्हता. प्रत्येक गाण्याचा आशय, प्रसंग, त्यातली ठिकाणं, बोलीभाषेतली वळणं आणि गायची अडचण एवढं दिलं आहे. क्रम काळाचा नाही. जपानी न येणाऱ्यानं ‘किबो नो वादाची’पासून सुरुवात करावी, ते शब्दांवाचून चालतं. हारा युको यांच्या आवाजातलं १९८० चं ‘वाताशी वा पियानो’ त्यानंतर, म्हणजे कुवाताच्या घोगरेपणातून थोडी सुटका होते. एन-४ च्या पुढे गेलेल्यांनी ‘एली’ घ्यावं.

आणि ज्यांना कंपनीतल्या निरोपाच्या पार्टीत गायचं आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी. कॅराओकेवर कुवाताची गाणी आपल्या गळ्याला उंच पडतात, पट्टी दोन पायऱ्या खाली आणा, लाजू नका. ‘एली’ साहेबांसाठी सोडा, ते त्यांचं असतं. ‘त्सुनामी’ लावण्याआधी टेबलावर तोहोकूचं, म्हणजे ईशान्य जपानचं कुणी आहे का ते हळूच विचारून घ्या. ‘कात्ते नी सिंदबाद’ शेवटी ठेवा, कारण त्यावर सगळे उठून उभे राहतात आणि मग पुन्हा बसत नाहीत. त्यात शब्द सुटले तरी चालतं. फक्त माइक वेळेवर काढून घ्या, पहिल्या पाळीची बस मोशीच्या स्टॉपवर कुणासाठी थांबत नाही.